बघतो आणि बघू

पुरुषोत्तम वझलवार बसलेले पाहायचे असतील तर त्यांचा फोटो मागून घ्यावा. प्रत्यक्षात हा माणूस खुर्चीच्या पाठीला नुसता हात लावतो आणि पुढे जातो. अमेरिकेत बॉस्टनजवळ श्रूजबरी आहे, तिथल्या त्यांच्या घराच्या बेसमेंटमध्ये मी भाड्यानं राहतो, आणि माझ्या बरोबर डोक्यावर त्यांचा हॉल आहे. त्यामुळे काकांच्या मनात काय चाललंय हे काकूंच्या आधी मला कळतं. खिडकी ते फ्रिज अशा फेऱ्या असल्या तर किरकोळ चिंता. फ्रिज ते पुढचं दार अशा असल्या तर मोठी. गेल्या ऑक्टोबरात ते दार उघडून थेट ड्राइव्हवेवर जायला लागले, मेलबॉक्सला शिवून परत यायला लागले, तेव्हा मी ओळखलं की प्रकरण बास्केटबॉलचं आहे.

काका मूळ नागपूरचे. सत्तरी ओलांडलेली, उंची बेताची, मिशी मात्र सहा फुटी माणसाला शोभेल अशी. इथे शिकायला आले, इंजिनिअर झाले आणि पुलांची ड्रॉइंगं करता करता रिटायर झाले. आयुष्यात त्यांनी एकदाही बास्केटमध्ये बॉल टाकलेला नाही. ‘माझा संबंध फक्त फरशीशी,’ असं तेच सांगतात. ते अगदी खरं आहे. विद्यार्थी असताना पहिल्या हिवाळ्यात त्यांच्या खोलीतला हीटर रुसलेला असायचा आणि कॉलेजचं जिम मात्र ऊबदार. तिथे त्यांनी काम मिळवलं. खेळाडू घामानं निथळत कोर्टवर आपटले, की लांब दांड्याचं पुसणं घेऊन पळत जायचं, घाम पुसायचा आणि शिट्टी वाजायच्या आत पळत परत यायचं.

‘सगळं जिम माझ्याकडे बघायचं, सुशांत,’ काका सांगतात. ‘आणि इतक्या मॅचेस झाल्या, पण मी हरलो असं एकदाही झालं नाही.’

आता ह्या प्रकरणातली कॉन्फरन्स म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण मलाही ते कळायला एक अख्खा हिवाळा लागला होता. इथे दहा-बारा कॉलेजं मिळून एक संघटना करतात, ती कॉन्फरन्स. हिवाळाभर ही कॉलेजं आपापसात खेळतात, आणि मार्चमध्ये सगळ्या टीम्स एका शहरात जमून चार-पाच दिवस झुंजतात. जिंकेल ती देशपातळीवर जाते. ही शेवटची टूर्नामेंट आपल्याकडे भरावी म्हणून शहरं धडपडतात. अर्ज करतात. मग कॉन्फरन्सची माणसं शहर पाहायला येतात, हॉटेलं बघतात, कॉफी पितात, गोड हसतात आणि ‘कळवतो’ म्हणून निघून जातात. ज्यांच्या घरी लग्नाची मुलगी होती त्यांना पुढचं समजावायला नको.

आमचं शहर वूस्टर. श्रूजबरी त्याला लागूनच आहे. वूस्टरचं इंग्रजी स्पेलिंग वाचून उच्चार करायला जाऊ नये, माणसं हसतात. मी जाऊन बसलेलो आहे. तर वूस्टरनं नॉर्थ रिव्हर नावाच्या कॉन्फरन्सकडे पुढच्या तीन वर्षांच्या टूर्नामेंटसाठी अर्ज केला होता, आणि शर्यतीत शेवटी दोनच शहरं उरली होती, आम्ही आणि पोर्टलंड. आमच्या बाजूनं सूत्रं होती डोनाकडे. असल्या स्पर्धा शहरात ओढून आणणं हीच तिची नोकरी. पन्नाशीची, खळखळून हसणारी बाई. तिनं गावातली चार डोकी गोळा केली होती. त्यात एक हॉटेलवाला होता, आणि वाहतुकीसाठी आमचे काका. बिनपगारी.

वाहतूक हीच आमची दुखरी नस होती. मार्चमध्ये इथे बर्फ कधी कोसळेल त्याचा नेम नाही, आणि हॉटेलपासून अरीनापर्यंतचा, म्हणजे मॅच होतात त्या स्टेडियमपर्यंतचा, रस्ता टेकडीवरून जातो.

‘पोर्टलंडला समुद्र आहे, लॉबस्टर आहे,’ काका म्हणायचे. ‘आपल्याकडे चढ आहे. आपल्याला बसेस वेळेवर पोचवूनच जिंकावं लागेल.’

पण एवढ्यासाठी कोणी ड्राइव्हवे झिजवत नाही. खरी गोम होती फ्रीमाँटला.

काका-काकूंची एकुलती एक मुलगी अस्मिता तिकडे कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला असते. नवरा, टाउनहाउस, सकाळ-संध्याकाळ फ्रीवेवर दोन-दोन तास. तिचा लकडा होता की घर विका आणि इकडे या. बर्फ नको, जिने नकोत, डॉक्टर जवळ. नीलाकाकूंनी एके दिवशी पोळी उलटता उलटता सांगून टाकलं, ‘मला फ्रीमाँटही चालेल आणि श्रूजबरीही चालेल. पण असं एक पाय दाराबाहेर ठेवून जगणं मला चालायचं नाही. काय ते एक ठरवा.’

काकांनी ठरवलं ते असं. टूर्नामेंट वूस्टरला मिळाली तर तीन वर्षं हलायचं नाही. पोर्टलंडला गेली तर घर विकायला काढायचं.

आपलं म्हातारपण कुठे घालवायचं हे माणसानं दहा-बारा कॉलेजांच्या संघटनेवर सोपवावं, ह्याचं मला हसू आलं होतं. काकूंना नाही आलं. त्या दुकानातून खोकी घेऊन आल्या. ‘फ्रीमाँट – पुस्तकं’, ‘फ्रीमाँट – किचन’ असं त्यावर लिहिलं, आणि ती खोकी मुक्कामाला आली माझ्याकडे, बेसमेंटमध्ये. डोनाचा फोन उत्साहाचा असला की एखादं खोकं उघडलं जाई आणि चार वस्तू वर जात. फोन पडेल आवाजातला असला की सहा वस्तू खाली येत. मी खोक्यांच्या मधून वाट काढत पलंगावर जायचो. एका खोक्यात चकलीचा सोऱ्या गेला होता. दिवाळी तोंडावर आली आहे हे काकूंना खोकं चिकटवून झाल्यावर आठवलं.

‘कुठल्या खोक्यात, ते विचारू नकोस,’ त्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा बघून मी नाहीच विचारलं.

काकांना ओळखायचं असेल तर त्यांचे दोन शब्द नीट ओळखावे लागतात. एक ‘बघतो’ आणि एक ‘बघू’.

मी पहिल्यांदा ह्या देशात उतरलो तेव्हा ज्या मित्राच्या भरवशावर आलो होतो त्यानं फोनच उचलला नाही. कोणीतरी काकांचा नंबर दिला. मी बॉस्टनच्या एअरपोर्टवरून रडवेल्या आवाजात सांगितलं, की काका, मला तुम्ही ओळखत नाही, मी रिसोडचा, राहायची सोय नाही. पलीकडून एकच शब्द आला, ‘बघतो’, आणि फोन बंद. मला वाटलं, संपलं. थोड्या वेळानं एक मिशी दारातून आत आली, तिच्या मागे काका, आणि त्यांच्या हातात माझ्या मापाचा नसलेला एक कोट. मंडळाच्या गणपतीला पार्किंगचं काय? ‘बघतो.’ की झालंच ते. कोणाच्या आईला अपॉइंटमेंटला न्यायचंय? ‘बघतो.’ की सकाळी गाडी दारात.

उलट ‘बघू’ म्हणाले की त्या विषयाचं तेरावं झालं असं समजावं. काका, बेसमेंटला खिडकी काढू या का? बघू. मंडळाचं अध्यक्षपद घेता का? बघू. एका अक्षराचं अंतर, पण तेवढ्या अंतरात माणूस एअरपोर्टवर राहू शकतो.

कॉन्फरन्सची माणसं आली तो दिवस छान उन्हाचा होता, झाडं लालपिवळी झालेली. व्हॅन चालवायला डोनाला माणूस हवा होता, काकांनी मला बसवलं. शेजारी काका, इस्त्रीचा कोट, मिशीला कंगवा. मागे डोना आणि पाहुण्यांचा म्होरक्या ग्रेग. उंच, सावकाश बोलणारा, मांडीवर टॅब्लेट. हॉटेल त्याला आवडलं. अरीना आवडलं. मग आम्ही त्या चढाला लागलो आणि त्यानं खिडकीतून खाली पाहिलं.

‘समजा, पहिल्याच दिवशी सकाळी फूटभर बर्फ आहे,’ ग्रेग म्हणाला. ‘सगळ्या टीम्सच्या बसेस ह्या रस्त्यानं कोण नेणार?’

काका सीटमध्ये पूर्ण मागे वळले. हात छातीवर ठेवला.

‘आय विल सी,’ ते म्हणाले.

काय वजन होतं त्या शब्दांत! स्टिअरिंगवर माझा ऊर भरून आला. ग्रेग जरा थांबला, जणू आणखी काही येणार आहे. काका नुसते हसले. मोठी माणसं शब्द दिल्यावर बडबड करत नाहीत.

‘आणि स्वयंसेवक? कामाच्या दिवशी माणसं मिळतील?’

‘दॅट ऑल्सो आय विल सी.’

‘एखादी बस बंद पडली तर?’

काकांनी माशी वारावी तसा हात हलवला. ‘आय विल सी, आय विल सी.’

ग्रेगनं टॅब्लेटवर काहीतरी टिपलं. आरशात मला डोनाचा चेहरा दिसला. कच्चं कारलं चावल्यासारखा झाला होता. मला वाटलं, माझ्या ड्रायव्हिंगनं तिला मळमळतंय. मी वळणं हळू घ्यायला लागलो.

घरी येताना काका गाडीतच गुणगुणत होते. ‘झालं काम, सुशांत. त्यानं विचारलं आणि आपण शब्द दिला.’ मलाही तसंच वाटत होतं. माझं इंग्रजी रिसोडच्या शाळेतलं, जिथे इंग्रजीचा तासही मराठीतच व्हायचा. काकांचं ‘आय विल सी’ माझ्या कानात शिरलं तेच मुळी ‘मी बघतो’ होऊन. त्या संध्याकाळी एक खोकं उघडलं गेलं आणि पोहे भाजायची कढई वर गेली.

शनिवारी डोना घरी आली. काका ड्राइव्हवेवरची पानं गोळा करत होते, मी पिशवी धरून उभा. ती गाडीतून उतरली ती न हसताच. काकांना ती ‘पुरू’ म्हणते.

‘पुरू, आपण मागे पडलो. ग्रेग म्हणतो हॉटेल छान, अरीना छान, पण वाहतुकीबद्दल ह्यांचा माणूस खात्रीनं काही सांगत नाही. मी तीनदा विचारलं, म्हणे, आणि त्यानं तीनदा टाळलं.’

‘कोणी टाळलं?’ काका तडकले. ‘त्या हॉटेलवाल्यानं?’

‘तू. यू सेड, आय विल सी.’

‘यस! आय सेड, आय विल सी!’

‘दॅट्स व्हॉट आय ॲम सेइंग!’

‘दॅट इज व्हॉट आय ॲम सेइंग!’

दोघं एकच वाक्य एकमेकांच्या अंगावर फेकत होते आणि दोघांनाही वाटत होतं की समोरचा आता तरी शुद्धीवर येईल. मी पिशवी धरून एकदा इकडे, एकदा तिकडे पाहत राहिलो. स्वयंपाकघराच्या खिडकीतून काकू हे ऐकत होत्या. त्या हात पुसत बाहेर आल्या.

‘अहो, तुम्ही खरंच त्याला “आय विल सी” म्हणालात?’

‘मग काय म्हणणार? मी बघतो म्हणालो.’

‘मी बघतो, ते मराठीत,’ काकू म्हणाल्या. ‘इंग्रजीत त्याचं बघू होतं.’

काकांचा पंजा, म्हणजे पानं ओढायचा, जागच्या जागी थांबला. काकूंनी डोनाला इंग्रजीत समजावलं की हा माणूस ‘काम झालं समजा’ असं सांगत होता. डोनानं कपाळाला हात लावला. ‘ओह, पुरू!’ म्हणत ती खो-खो हसायला लागली, आणि काकांकडे पाहून अर्ध्यातच थांबली.

पण ग्रेगला परत फोन करून ‘ते तसं नव्हतं’ सांगणं बरं दिसणार नाही, असं तिचं मत पडलं. आता एकच संधी होती. पुढच्या आठवड्यात दोन्ही शहरांशी व्हिडिओवर शेवटचं बोलणं होणार होतं. त्यात वाहतुकीचं उत्तर हॉटेलवाला देईल.

‘तू फक्त बस, पुरू,’ ती जाताना म्हणाली. ‘बस, आणि हस.’

ह्या माणसाला बसायला सांगितलं! त्या दुपारी हॉलमध्ये ज्या फेऱ्या झाल्या त्यांना काही दिशाच नव्हती. मी वर चहाला गेलो तेव्हा काका फ्रिजसमोर थबकून उभे होते, दार उघडं, आत काहीही न बघता.

‘नीला,’ ते म्हणाले, ‘ऑफिसातला साहेब आठवतो? विचारायचा, पुलाचं ड्रॉइंग शुक्रवारपर्यंत होईल का. मी म्हणायचो, आय विल सी. आणि शुक्रवारी टेबलावर ठेवायचो. एकदाही चुकलो नाही. आणि दर वेळी कळायचं, त्यानं तेच ड्रॉइंग आणखी कोणाला तरी देऊन ठेवलंय.’ त्यांनी फ्रिजचं दार लावलं. ‘मला आयुष्यभर वाटलं, माझ्या रंगामुळे.’

काकूंनी गॅस बारीक केला.

‘तेही असेल,’ त्या म्हणाल्या.

‘तेही असेल,’ काका म्हणाले. ‘पण हेही असेल.’

माझा कप विसळून झाला होता. तो मी पुन्हा विसळला.

वातावरण हलकं करावं म्हणून असेल किंवा राहवलं नाही म्हणून असेल, काकूंनी विषय बदलला, पण तो बदलून घसरला भलतीकडेच. ‘आणि अस्मिताला दर रविवारी काय सांगता? ती विचारते, कधी येताय. तुम्ही म्हणता, वी विल सी.’

‘ते बघूच आहे.’

‘तुमचं बघू असेल. तिनं तिकडे खालची खोली रिकामी केली. स्वतःचं ऑफिस माळ्यावर नेलं. बाथरूममध्ये तुम्हाला धरायला दांडी बसवून घेतली. पोरगी इथे जन्मलेली. तिला तुमचं बघू काय कळणार? तिच्या हिशेबी तुम्ही येतायच.’

काकांनी खुर्चीच्या पाठीला हात लावला. ह्या वेळी तो बराच वेळ तिथेच राहिला.

डोनानं गप्प बसायला सांगितलं असलं, तरी न जाणो, विचारलंच तर, म्हणून त्या आठवड्यात तालमी सुरू झाल्या. ग्रेगची भूमिका माझ्याकडे आली. मी मांडीवर ताट ठेवून टॅब्लेट असल्याचा आव आणायचो.

‘मिस्टर वझलवार, बर्फ पडला. बसेस पोचतील?’

‘यस, आय होप...’

‘होप नाही, काका.’

‘यस, आय विल ट्राय माय लेव्हल बेस्ट.’

‘ट्राय नाही.’

‘यस, इफ गॉड इज विलिंग.’

‘काका, देव कमिटीवर नाही.’

‘अरे, पण नुसतं यस म्हणजे केवढं उद्धट! बर्फ काय माझ्या बापाचा आहे?’

‘बघतो म्हणता तेव्हा कोणाचा असतो?’ काकू आतून.

‘त्यात फरक आहे, नीला. बघतो म्हणजे मी अंगावर घेतलं. पुढे होईल न होईल, पण अंगावर घेतलं. यस म्हणजे नुसती फुशारकी.’

मलाही नोकरीच्या मुलाखतींत ‘येईल का हे काम?’ असं विचारलं, की यसच्या मागे दोन-तीन शेपट्या लावल्याशिवाय राहवत नाही, आणि मग त्यांचं ‘कळवतो’ येतं. मी ताट खाली ठेवलं आणि म्हटलं, ‘काका, पुन्हा.’

व्हिडिओच्या दिवशी दुपारी काका जेवणाच्या टेबलाशी लॅपटॉपसमोर बसले. खुर्चीच्या अगदी कडेला, पण बसले. मी बाजूला, कॅमेऱ्याच्या टप्प्याबाहेर. काकू समोर, दाराच्या चौकटीला टेकून. पडद्यावर डोना, हॉटेलवाला, ग्रेग आणि कॉन्फरन्सची आणखी दोन माणसं, चौकोनाचौकोनांत. काकांचा आवाज डोनाच्या सांगण्यावरून बंद केलेला होता. ते ठरल्याप्रमाणे हसत होते. खूपच हसत होते.

ग्रेगनं बर्फाचं विचारलं. हॉटेलवाल्यानं भराभर उत्तर दिलं, आमच्याकडे मजबूत योजना आहे, अनुभवी टीम आहे, सगळे मिळून ही जबाबदारी घेत आहेत.

‘ठीक,’ ग्रेग म्हणाला. ‘पण म्हणजे कोण? सकाळी सहा वाजता त्या चढावर उभा कोण असेल?’

‘आमची टीम.’

‘नाव सांगा.’

हॉटेलवाला कागद चाळायला लागला. काकांचं हसू हळूहळू उतरलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, डोनाकडे पाहिलं नाही. एक बोट पुढे गेलं आणि आवाज चालू झाला.

‘मी,’ ते म्हणाले. मग सावरून, ‘आय. आय विल डू इट.’

ग्रेग पडद्याजवळ झुकला. त्याला माणूस आठवला. ‘लास्ट टाइम, यू सेड यू विल सी.’

‘लास्ट टाइम,’ काका म्हणाले, ‘आय वॉज स्पीकिंग मराठी.’

डोनाचा आवाज बंद होता. चौकोनात फक्त तिचे खांदे गदागदा हलताना दिसले. ग्रेगही हसला. पण तो हसता हसता विसरणाऱ्यातला नव्हता.

‘हे तीन वर्षांचं आहे, मिस्टर वझलवार. तीनही मार्चमध्ये तुम्ही स्वतः इथे असाल?’

बिचाऱ्यानं विचारलं होतं बसेसबद्दल. पण तो प्रश्न ह्या घरात जिथे पडायचा तिथे जाऊन पडला. काकांनी निर्णय कॉन्फरन्सवर टाकला होता, आणि कॉन्फरन्सनं तो जसाच्या तसा परत त्यांच्या ओंजळीत टाकला. काका लॅपटॉपच्या वरून काकूंकडे पाहायला लागले. पडद्यावरची माणसं वाट पाहत होती. काकांचे ओठ हलले. ‘आय वि...’ इतकं मला ऐकू आलं.

‘अहो,’ काकू अगदी हळू म्हणाल्या, ‘काय ते एक म्हणा. नाही म्हणालात तरी चालेल मला.’

काका पुन्हा पडद्याकडे वळले.

‘यस,’ ते म्हणाले. ‘ऑल थ्री.’

पुढे होप नाही, ट्राय नाही, देव नाही. म्हणून झाल्यावर ते स्वतःच दचकल्यासारखे दिसले.

लॅपटॉप मिटला तसे काका उठून खिडकीकडे निघाले. काकूंनी वाटेतच अडवलं. ‘आता फोन करा.’

‘कोणाला?’

‘मुलीला.’

‘निकाल तरी लागू दे की, नीला. पोर्टलंडला गेली तर आपलं ठरलंय...’

‘ठरलं होतं. आत्ता त्या माणसाला तीन वर्षांचं यस दिलंत, ते आधी माझ्याकडे बघून. मी पाहिलं. परक्याला निकालाआधी सांगितलंत आणि पोटच्या पोरीला निकालानंतर सांगणार?’

काकांना कमी ऐकू येतं, म्हणून फोन नेहमी स्पीकरवर असतो. मी जायला उठलो, तर काकूंनी मला हातानंच खाली बसवलं. साक्षीदार हवा असणार.

‘बाबा? इज एव्हरीथिंग ओके? आज तर रविवार नाही.’

‘अस्मिता, आम्ही फ्रीमाँटला राहायला येणार नाही. नो.’

पलीकडे कुठेतरी नळ वाहत होता. तो बंद झाला.

‘बट यू सेड, वी विल सी.’

‘हो. ते नोच होतं.’

‘वेट. ऑलवेज?’

‘ऑलवेज.’

‘द डॉग?’

‘कुठला डॉग?’

‘बाबा! मी सात वर्षांची होते! मी विचारलं, कुत्रा आणू या का, अँड यू सेड, वी विल सी. मी वाट बघत होते. फॉर इयर्स! आय हॅड पिक्ड अ नेम!’

काकांनी काकूंकडे पाहिलं. काकू छताकडे पाहत होत्या.

‘तोही नोच होता, बाळा,’ काका म्हणाले. त्यांचा आवाज इतका खाली गेलेला मी कधी ऐकला नव्हता. ‘सॉरी. काय नाव ठेवलं होतंस?’

‘बिस्किट.’

ती हसत होती की रडत होती ते स्पीकरवर कळत नव्हतं. मला वाटतं, दोन्ही. मग ती म्हणाली, ‘मी खोली रिकामी केली, बाबा.’

‘कळलं मला. आईनं सांगितलं.’

‘समरला तरी याल? रिअली?’

‘वी...’ काकांनी सुरुवात केली. काकूंनी त्यांच्या दंडाला असा चिमटा काढला की मलाच लागला. ‘यस. जूनमध्ये. तिकीट काढतो.’

‘काढतो म्हणजे यस ना?’ अस्मितानं विचारलं. ‘आय ॲम जस्ट चेकिंग.’

‘काढतो म्हणजे यस.’

फोन ठेवल्यावर काका बाहेर गेले, मेलबॉक्सला शिवले आणि परत आले. आणि पुन्हा गेले. मला वाटलं होतं, एवढं सगळं बोलून टाकल्यावर माणूस जरा टेकेल. उलट फेऱ्या वाढल्या. आता निकालाची काळजी होतीच, वर दिलेल्या शब्दाचीही. त्या दिवसापासून ते हवामानाचं ॲप उघडून ठेवायला लागले. मार्चला अजून चार महिने होते.

निकाल दिवाळीच्या आदल्या आठवड्यात आला. डोनानं ग्रेगची ईमेल जशीच्या तशी पुढे पाठवली, आणि वर नुसती उद्गारचिन्हं. काकांनी ती उभ्यानंच वाचली, मग मोठ्यानं वाचली. पहिल्या वर्षाची टूर्नामेंट वूस्टरला. मनापासून अभिनंदन. मिस्टर वझलवारांच्या स्पष्ट उत्तराबद्दल विशेष आभार. एका वर्षाचा अनुभव घेऊन पुढच्या दोन वर्षांचं ठरवू. आणि शेवटचं वाक्य, ‘बियाँड दॅट, वी विल सी.’

काकूंनी हातातलं लाटणं खाली ठेवलं.

‘हे बघतो आहे की बघू?’ काकूंनी विचारलं.

काकांनी चष्मा वर सरकवून ते वाक्य पुन्हा वाचलं. ‘ग्रेग मराठी नाही,’ ते म्हणाले. ‘त्याचं खरंखुरं वी विल सी असणार.’

‘म्हणजे?’

‘म्हणजे त्यालाही माहीत नाही.’

‘मग आता?’

‘मग काय? मी तीन म्हटलंय. तो एक म्हणू दे.’ आणि काका कोट चढवून निघाले. कुठे, तर त्या चढावर. सकाळी तिथे ऊन कुठून येतं, बर्फ कुठल्या बाजूला साचेल, ते आत्तापासून पाहून ठेवायला हवं म्हणाले. मी म्हटलं, काका, आत्ता दुपार आहे. ते दारातून म्हणाले, ‘मग उद्या सकाळी पुन्हा जाईन.’

काकू खिडकीतून त्यांची गाडी रूट नाइनकडे वळेपर्यंत पाहत राहिल्या. मग माझ्याकडे वळल्या.

‘सुशांत, खाली किती खोकी आहेत? ती सगळी वर आण. आणि त्या सोऱ्याचं काय ते बघ आधी. भाजणी दळून पडली आहे.’

‘बघतो,’ मी म्हटलं.

‘बघतो नाही,’ काकू म्हणाल्या. ‘हो म्हण.’

‘हो,’ मी म्हटलं. सोऱ्या ‘फ्रीमाँट – पुस्तकं’मध्ये निघाला.